फ्रिजच्या दाराचं रबर गेलंय की दुखणं दुसरंच आहे? (डबल डोअर, रत्नागिरी, भर जुलै)

रत्नागिरीकरीण | ९ जुलै, रात्री १०.२०

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमचा फ्रिज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, वय ११ वर्षं. गेल्या पावसाळ्यापर्यंत तक्रार नव्हती. यंदा जूनपासून हे सुरू आहे:

कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. रात्री स्वयंपाकघरात गेलं की घुंई चालूच. खालच्या दाराच्या चौकटीवर घामासारखे थेंब. हँडलच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात रबरावर काळी बुरशी, पुसली की चार दिवसांत परत. विरजण लावलेलं दही आत ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी आंबट ढाण. आणि हल्ली सकाळी फ्रिजच्या मागे फरशीवर पाणी. मी आठवडाभर खिडकीतून पाऊस येतोय असं समजून खिडकीलाच शिव्या देत होते.

एक मेकॅनिक येऊन गेला. पाठीमागे कान लावला आणि म्हणाला, गॅस कमी झालाय, २,८०० रुपये. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर ते म्हणतात रबर वेगळं मिळत नाही, अख्खं दार बदला, ६,५०० अधिक भाडं. यजमान म्हणतात नवा घेऊ. मी म्हणते गणपतीच्या आधी मला फ्रिज धड हवा, नवा नकोय. वरचा फ्रीझर ठणठणीत आहे, बर्फ होतो. काय करू?

अर्धा_किलो_साखर | ९ जुलै, रात्री १०.४१

रबरच. आमचंही असंच झालं होतं. दहाची नोट दारात धरून दार लावा, ओढून बघा. सहज आली तर रबर गेलं.

दुपारचा_चहा | ९ जुलै, रात्री ११.०५

आधी एक सांगा, फ्रिजच्या डोक्यावर ते खिसेवालं कव्हर आहे का? आमच्याकडे आईनं हौसेनं आणलेल्या कव्हरची झालर फ्रीझरच्या दारात अडकायची. दोन महिने आम्ही मेकॅनिक शोधत होतो. शेवटी कात्रीनं काम झालं.

पाना_नंबर_दहा | १० जुलै, सकाळी ६.५०

ताई, गॅसच्या नादाला लागू नका. मी सांगलीत सव्वीस वर्षं फ्रिजचं काम केलंय, आता दुकान पोरगा बघतो. गॅस हा काही स्कूटरचं पेट्रोल नाही वापरून संपायला. बंद नळीतला माल आहे. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. शिवाय फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंडावा तयार होतो वरती, तिथनं पंखा खाली ढकलतो. गॅस गेला तर आधी फ्रीझर मार खातो. तुमचा बर्फ होतोय, म्हणजे गॅस आहे.

मागचं पाणी कुठून येतं ते सांगतो. आत शिरलेली दमट हवा कॉइलवर बर्फ होऊन बसते, हीटर तो वितळवतो, ते पाणी नळीनं मागं कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत येतं आणि तिथल्या उष्णतेनं सुकून जातं. दमट हवा जास्त शिरली की ताटली भरून वाहते. तुमची खिडकी निर्दोष आहे.

आता रबर कसं बघायचं. नोट एकाच जागी लावून निकाल देऊ नका. दाराच्या चारी बाजूंना, वीतभर अंतर सोडून, प्रत्येक ठिकाणी नोट धरा आणि सावकाश ओढा. चांगल्या जागी हाताला पकड कळते, तशी कुठं कळत नाही ते पेनानं दारावर टिंब देऊन ठेवा. मग रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च लावून मोबाइल आत ठेवा, दार लावा, बाहेरनं फटीशी डोळा नेऊन बघा. खालच्या कडेसाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं. लाजू नका, आम्ही पोटासाठी जन्मभर झालो.

चौकट हाताला कोमट लागली तर घाबरू नका. घाम येऊ नये म्हणून बऱ्याच फ्रिजमध्ये गरम नळी चौकटीतून फिरवलेली असते.

भौतिक_मास्तर | १० जुलै, दुपारी १.१५

पानासाहेबांना दुजोरा. थोडं गणित, शिक्षकाची खोड.

रत्नागिरीत जुलैमध्ये २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. फ्रिजच्या ४ अंशांना तीच हवा जेमतेम साडेसहा ग्रॅम वाफ धरू शकते. उरलेली सतराअठरा ग्रॅम पाणी होऊन आत पडणार. एक ग्रॅम कोरडी हवा एक अंश थंड करायला सुमारे १ ज्यूल पुरतो, पण एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २,५०० ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती सगळी कॉम्प्रेसरला उपसावी लागते. पुढे त्याचा बर्फ झाला तर आणखी ३३४. फटीतून येणाऱ्या हवेची उष्णता आहेच, पण त्याहून जड आहे तो हा आतला पाऊस.

आणखी एक साधी खूण. चांगल्या रबराचं दार उघडून लावा आणि लगेच परत उघडा. जड लागतं, कारण आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते आणि दार आत ओढलं जातं. अर्ध्या मिनिटानं परत हलकं होतं. तुमचं दार लगेचही हलकंच उघडत असेल तर हवा कुठूनतरी आत जातेय.

अवांतर: पूर्वी फ्रिजच्या दाराला खटक्याची कडी असे आणि ते आतून उघडत नसे. लपाछपीत मुलं आत अडकून गुदमरायची, म्हणून अमेरिकेत १९५६ साली आतून ढकलून उघडणारं दार सक्तीचं करणारा कायदा झाला. चुंबकाचं रबर सगळीकडे पसरलं ते त्यानंतर.

वऱ्हाडी_वांगं | १० जुलै, दुपारी ३.३०

म्हणूनच! आमच्या नागपूरला फ्रिजचं रबर तीन ठिकाणी फाटलं आहे आणि उन्हाळाभर काही जाणवलं नाही. मे महिन्यात ४२ अंश होते तरी.

भौतिक_मास्तर | १० जुलै, दुपारी ४.०२

@वऱ्हाडी_वांगं, ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत आठसाडेआठ ग्रॅमच वाफ असते, त्यातली दोनच ग्रॅम तुमच्या फ्रिजमध्ये पडतात. उष्णता शिरत होतीच, पण पाणी दिसलं नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही. आता पावसाळ्यात बघा.

रत्नागिरीकरीण | ११ जुलै, रात्री ११.३०

काल रात्री दिवे घालवून फरशीवर आडवी झाले. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, त्यांनी दिवा लावला आणि "अगो बाय" करून किंचाळल्या. तो भाग सोडून निष्कर्ष:

वरची कड घट्ट. बिजागरीची बाजू ठीक. हँडलची बाजू वरून अर्ध्यापर्यंत ठीक, खाली सैल होत जाते. खालच्या कोपऱ्यात चार बोटं लांबीत नोट हवेत तरंगल्यासारखी निघते, आणि तिथेच टॉर्चची बारीक रेघ दिसते. दार लगेच उघडलं तरी हलकंच.

रबर बोटानं दाबलं तर बाकी ठिकाणी उशीसारखं परत फुगतं, त्या कोपऱ्यात दाबलेलंच राहतं. आणि बाहेरून न दिसणाऱ्या आतल्या घडीत, भात्याच्या चुणीत पडते तशी, इंचभर चीर.

कव्हर नाही आमच्याकडे. डोक्यावर फक्त औषधांचा डबा आणि वीजबिलं.

पाना_नंबर_दहा | १२ जुलै, सकाळी ७.१०

झकास तपासलंत. नुसतं चपटं झालं असतं तर कोमट पाण्यात लिक्विड सोप घालून जुन्या ब्रशानं घडी साफ करायची, केस वाळवायच्या ड्रायरनं वीतभर लांबून ऊब द्यायची आणि बोटानं बाहेर ओढत गार होऊ द्यायचं, एवढ्यावर वर्षभर भागतं. ब्लीच, थिनर, पेट्रोल लावू नका, रबर कडक होतं. पण चीर पडली म्हणजे बदलायलाच आलं.

आता त्या सेवा केंद्राचं. काही मॉडेलात रबर दाराच्या फोममध्येच पक्कं बसवलेलं असतं, तिथं त्यांचं म्हणणं खरं. पण पुष्कळ फ्रिजांत ते नुसतं खाचेत दाबलेलं असतं, जुन्यांत पट्टीखाली स्क्रूनं. तुमचं कोणतं ते असं बघा: दार उघडा, कोपऱ्यात रबराची आतली ओठाळी बोटानं उचला. खाली स्क्रू दिसतो का? नसेल तर हलकं ओढा. बाणाच्या टोकासारखी शेपटी खाचेतून टकटक बाहेर आली तर ते खाचेतलं. दाबलं की परत बसतं.

रत्नागिरीकरीण | १२ जुलै, सकाळी ९.४५

टकटक आली! खाचेतलं आहे. सहा हजार वाचले म्हणू का आत्ताच?

पाना_नंबर_दहा | १२ जुलै, सकाळी १०.२०

थांबा, माप चुकलं की सातशे जातात. दोन मापं घ्या. एक, रबराच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत, उभं आणि आडवं. दुसरं, खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंत. दुसरं खरं. कपड्याचा टेप नको, तो ताणला जातो, सुताराचा पत्र्याचा घ्या. आतल्या भिंतीवरच्या स्टिकरचा फोटो काढा, मॉडेल नंबर त्यावर असतो. आणि दुकानदाराला शेपटीचा आकार दाखवावा लागेल. जिथं फाटलंय तिथलाच बोटभर तुकडा ब्लेडनं कापून न्या, ते रबर तसंही जाणार. भोकावर तोवर चिकटपट्टी लावा.

कट्ट्यावरचा_काका | १२ जुलै, दुपारी १२.००

एवढ्या खटाटोपापेक्षा नवा फ्रिज पाच स्टारचा घ्या. वीज वाचेल.

दुपारचा_चहा | १२ जुलै, दुपारी १२.०४

काका, प्रत्येक धाग्यावर तुम्ही नवा घ्यायलाच सांगता. मागच्या वेळी मिक्सरचं भांडं गळत होतं.

रत्नागिरीकरीण | १४ जुलै, संध्याकाळी ७.००

इथे बाजारपेठेत एका सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदारानं तुकडा हातात घेतला, अंगठ्यानं चेपला, आणि पहिला प्रश्न: "वहिनी, माप खाचेचा की भायेरचा?" मी छाती फुगवून दोन्ही सांगितली. हे रबर कोल्हापूरला लांबीनं मिळतं, तिथे मापाला कापून चारी कोपरे तापवून जोडून देतात आणि एस.टी.च्या पार्सलनं येतं. ७५० रुपये, तीनचार दिवस.

माहेरची_साडेसात | १५ जुलै, सकाळी ८.३०

मी न्यूजर्सीत. इकडे मॉडेल नंबर टाकला की रबर घरपोच येतं, पण किंमत ऐकून कोल्हापूर आठवलं. माझ्या अनुभवातली एक सूचना: खोक्यातून घडी घालून आलेलं रबर लगेच लावू नका. घडीच्या जागी मुरड राहते आणि तिथेच फट पडते.

रत्नागिरीकरीण | १९ जुलै, रात्री ९.५०

आज बसवलं. फजितीसकट लिहिते.

दूध आणि कोळंबी शेजारी ठेवली, प्लग काढला. जुनं रबर ओढत गेले तर पाच मिनिटांत हातात. खाचेत काय होतं ते विचारू नका. अकरा वर्षांचं पीठ, एक बडीशेप, आणि बारक्या झुरळांची वसाहत. ब्रश, साबण, कोरडं फडकं.

नवं रबर आलं ते चौघडी घालून, दोन ठिकाणी मोडल्यासारखं. न्यूजर्सीच्या ताईंचं ऐकून लगेच लावलं नाही, आधी मोठ्या घमेल्यात कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवलं. शेवयासारखं मऊ झालं आणि मुरड आपोआप गेली. पुसून कोरडं केलं.

मग मी शहाणीनं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि दाबत दाबत गोल फिरत आले. टक, टक, टक, फार समाधान. शेवटच्या कोपऱ्यात पोचले तर हातात तीन बोटं रबर जास्त! लूप लोंबतोय. माप चुकलं म्हणून रडायच्या बेतात होते. लेक म्हणाला, "आई, तू उशीला अभ्रा असाच घालतेस का?"

सगळं काढलं. आधी चारी कोपरे बसवले, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग मधले भाग. चपखल बसलं. लूप माझ्या ओढण्यानं झाला होता, कोल्हापूरकरांचा दोष नाही.

पण. बिजागरीच्या बाजूला दार लावताना रबर आत दुमडतंय. आणि ज्या कोपऱ्यासाठी हे सगळं केलं, त्या हँडलखालच्या कोपऱ्यात नोट अजूनही सैल! बाकी सगळीकडे नोट फाटेल इतकी पकड. आता काय?

पाना_नंबर_दहा | १९ जुलै, रात्री १०.३०

बिजागरीचं सोपं आहे. नवं रबर चौकटीला घासतं आणि आत ओढलं जातं. त्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात द्या, नाहीतर टाल्कम पावडर. दोनतीन दिवसांत रबर जागा धरतं. रात्री झोपताना दारावर दोन चिकटपट्ट्या लावून दार दाबून ठेवा.

कोपऱ्याचं मात्र मला आधीच विचारायला पाहिजे होतं. नवं रबरही त्याच जागी सैल, म्हणजे जुनं उगाच तिथं फाटलं नव्हतं. फ्रिज कशावर उभा आहे? आणि दाराच्या खालच्या कप्प्यात काय काय ठेवता?

रत्नागिरीकरीण | १९ जुलै, रात्री १०.४४

प्लास्टिकच्या स्टँडवर. खालच्या कप्प्यात दोन लिटरच्या तीन बाटल्या, कोकमाचं आगळ, आणि सासूबाईंचा काढा.

पाना_नंबर_दहा | १९ जुलै, रात्री १०.५२

उद्या सकाळी उजेडात स्टँडचे चारी पाय बघा. हातानं हलवून.

रत्नागिरीकरीण | २० जुलै, सकाळी ८.१५

साहेब, तुमच्या पाया पडावं वाटतंय.

हँडलच्या बाजूचा पुढचा पाय चिरलाय. दिसत नाही, कारण वर फ्रिजचं वजन आणि खाली मी धूळ पुसायचं फडकं कोंबून ठेवलेलं. पायाचं आटेवालं टोक फाटून आत गेलंय आणि त्या कोपऱ्यात फ्रिज बोटभर खचलाय. लेकानं मोबाइलवरचं पाणसळ ॲप लावून दाखवलं, बुडबुडा पार एका टोकाला.

पाना_नंबर_दहा | २० जुलै, सकाळी ८.४०

एक पाय खचला की नुसता फ्रिज वाकडा होत नाही, सगळी पेटी पिळते. चौकट एकीकडं, दार एकीकडं, आणि दार सहा किलो पाण्यानं खाली ओढलेलं. रबर बिचारं अकरातली किती वर्षं ती फट भरून काढत होतं कुणास ठाऊक. म्हणून एकाच जागी फाटलं.

करायचं ते असं. दोघांनी फ्रिज उतरवा, कडेवर आडवा करू नका. स्टँड बदला, नाहीतर स्टँडच नको, फ्रिजला स्वतःचे पुढचे दोन पाय असतात, ते फिरवून उंची जमते. आडवं पाणसळीत, आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित वर. दार अर्धं उघडून सोडलं की आपोआप बंद व्हायला हवं. एवढं करूनही दार खाली लोंबत असेल तर खालच्या बिजागरीत एक वॉशर लागेल, पण मला वाटतं लागणार नाही. बाटल्या दारातून काढून आतल्या मधल्या कप्प्यात. काढ्याला परवानगी.

रत्नागिरीकरीण | २३ जुलै, रात्री ९.१०

स्टँड अडगळीत. फ्रिज स्वतःच्या पायांवर. दार अर्ध्यातून सोडलं की दमदार "थप्" करून लागतं. नोटेनं पूर्ण फेरी मारली, सगळीकडे सारखी पकड, वॉशर लागला नाही. टॉर्च आत ठेवला तर अंधारगुडूप. या वेळी सासूबाईंना आधी कल्पना दिली होती.

काल रात्री पहिल्यांदा कॉम्प्रेसर बंद पडल्याचा आवाज ऐकला. आवाज बंद होण्याचा आवाज म्हणा. यजमान दचकून म्हणाले, "गेला वाटतं." मागची फरशी तीन दिवस कोरडी.

खर्च: रबर ७५०, पार्सलसकट. व्हॅसलिन घरचंच.

वऱ्हाडी_वांगं | २४ जुलै, सकाळी ७.३०

इथे पाऊस सुरू झाला. मागे पाणी. मास्तर, तुमचं तोंड गोड होवो. पत्र्याचा टेप शोधतोय.

पाना_नंबर_दहा | २४ जुलै, सकाळी ७.५५

आधी पाय बघा, मग टेप.

दुपारचा_चहा | २४ जुलै, सकाळी ११.२०

ताई, जुनं रबर टाकलं नाही ना? कडेनं चीर दिली की आतून तपकिरी लवचिक चुंबकाची पट्टी सरकन बाहेर येते. साध्या कात्रीनं कापली जाते.

रत्नागिरीकरीण | २६ जुलै, संध्याकाळी ६.४०

काढली. पावणेतीन मीटरच्या वर निघाली. मोरीच्या खिडकीला लोखंडी चौकट आहे, तिथली मच्छरदाणीची जाळी वेल्क्रो सुटून लोंबत होती. जाळीच्या कडेला नेफ्यासारखी शिवण घालून त्यात पट्टी ओवली. आता जाळी चौकटीला जाऊन चिकटते, हवी तेव्हा निघते.

सासूबाईंची मात्र तक्रार आहे, फ्रिजचं दार दुसऱ्यांदा लगेच उघडायला गेलं तर उघडत नाही, हट्टी झालंय म्हणतात. मी त्यांना अर्धं मिनिट थांबा म्हणून सांगितलं. त्या थांबतात, आणि तेवढ्यात काय काढायचं होतं ते विसरतात.